पाच पायऱ्या आणि आठ माणसे

महोदय,

सॉफ्टवेअरच्या कामासाठी निघालेल्या एका निविदेत ‘सीएमएमआय पातळी तीन’ ही पात्रतेची अट नुकतीच वाचनात आली. सीएमएमआय म्हणजे कंपनीची काम करण्याची पद्धत किती पक्की आहे, हे पाच पायऱ्यांत (पातळ्यांत) मोजणारे प्रारूप. होटगी रस्त्यावरच्या आमच्या कार्यालयात आम्ही आठ जण चादर-टॉवेल कारखाने आणि पतसंस्था यांच्यासाठी हिशेबाच्या व साठ्याच्या प्रणाली तयार करतो. काम आवाक्यातले असूनही ते सोडावे लागले याचे वाईट वाटलेच. त्याहून खटकले ते पात्रतेचे माप.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सॉफ्टवेअर पुरवठादार पारखता यावेत, या गरजेतून कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने सीएमएम हे प्रारूप तयार केले व ते १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. सीएमएमआय हा त्याचाच वारस. त्याच्या पाच पायऱ्यांच्या मांडणीत एका पायरीवरचे सर्व काही साधल्याखेरीज ती पायरी मिळत नाही. आमचेच पाहा. ग्राहकाकडे जाऊन तिथल्याच संगणकावर केलेली दुरुस्ती पुढची आवृत्ती बसवताना पुसली जाई आणि तोच दोष महिन्याभरात परत येई. यावर उपाय एकच होता, तो म्हणजे आवृत्त्यांची काटेकोर नोंद ठेवणे. मूळ सीएमएममध्ये हा विषय दुसऱ्या पायरीवर आहे. पण त्याच्यासोबत आणखी पाच विषय येतात आणि त्यांत उपकंत्राटदारांचे व्यवस्थापनही आहे; उपकंत्राटदार तर आमच्याकडे औषधालाही नाहीत.

याउलट ‘स्पाइस’ म्हणून ओळखले जाणारे आयएसओ/आयईसी १५५०४ (आता ३३००० मालिका) हे आंतरराष्ट्रीय मानक प्रत्येक प्रक्रियेला शून्य ते पाच अशी स्वतंत्र पातळी देते. त्यामुळे रंग पक्का पण वीण विसविशीत, हे चादरीबाबत जसे सांगता येते तसे सॉफ्टवेअर कंपनीबाबतही सांगता येते. सीएमएमआयमध्येही अशा मोजणीची सोय आहे, परंतु निविदा लिहिणारे तिकडे फिरकत नाहीत. आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचे सर्वसाधारण मानक तर दूध संघालाही लागू पडते. त्यातून सॉफ्टवेअरविषयी फारसे कळत नाही.

पंचवीसपर्यंत माणसे असलेल्या संस्थांसाठीच केलेली आयएसओ/आयईसी २९११० ही मालिका २०११ पासून प्रसिद्ध होत आहे. तिच्या मूलभूत स्तरावर प्रकल्प व्यवस्थापन आणि सॉफ्टवेअरची प्रत्यक्ष बांधणी या दोनच प्रक्रिया आहेत. सोलापुरातल्या बहुतेक सॉफ्टवेअर व्यवसायांना हेच माप बसेल, असे माझे मत आहे. सल्लागार मंडळी मात्र पातळीचेच गोडवे गातात, कारण त्यांचे शुल्क पायरीगणिक वाढते.

निविदा काढणाऱ्या संस्थांनी छोट्या कामांसाठी २९११० ग्राह्य धरावे, एवढी विनंती आहे. मोठ्या कामासाठी पातळी मागायचीच असेल, तर मूल्यमापन कंपनीच्या नेमक्या कोणत्या विभागाचे झाले आणि त्याची तीन वर्षांची मुदत संपली आहे का, हेही विचारावे; पुण्यातल्या विभागाने मिळवलेली पातळी दुसऱ्या शहरातल्या चमूला आपोआप लागू होत नाही.

– एक सॉफ्टवेअर व्यावसायिक, सोलापूर