आधी नोंदवही, मग थडगे

संपादक महोदय,

कंपनी सरकारच्या काळात मुंबई इलाख्यात येऊन इथेच वारलेल्या इंग्रज पूर्वजाचा माग काढणारे, आणि त्यांना मदत करणारे आपल्याकडचे हौशी अभ्यासक, थेट दफनभूमी गाठतात. आधी दफनाची नोंद काढावी. इलाख्यातल्या पाद्र्यांनी बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या. त्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ मालिकेत १७०९ पासून आहेत. ‘फिबिस’ (फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी) या संस्थेच्या संकेतस्थळावर नावे फुकट शोधता येतात. आडनावाची दोन-तीन स्पेलिंगे करून पाहावीत.

दगडावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. दफन एक-दोन दिवसांत उरके, दगड मात्र बऱ्याच उशिरा बसे, तोही कित्येकदा पलटणीतल्या सोबत्यांच्या वर्गणीतून. त्यांना मृताचे नेमके वय कुठून ठाऊक असणार? ‘वयाच्या ३४ व्या वर्षी’ असे कोरले असेल तर पुरी झालेली वर्षे ३३. जन्मसाल हमखास इथे चुकते. शिवाय १७५२ पूर्वी इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणजे त्यांचा फेब्रुवारी १६६८ हा आपला १६६९. सुरतेच्या जुन्या थडग्यांपाशी हे विसरून चालत नाही. (महाराजांच्या १६६४ च्या स्वारीत वखार राखणारा जॉर्ज ऑक्झेंडन तिथेच पुरलेला आहे.) चर्चच्या भिंतीवरचा स्मृतिफलक तर कबर नव्हेच, माणूस मोहिमेवर भलतीकडे पुरलेला असू शकतो.

संगमरवरात बसवलेली शिशाची अक्षरे चोरीला गेली असली तरी खुंट्यांची बारीक भोके राहतात. ती कागदावर उतरवून त्याच दगडावरच्या शाबूत अक्षरांशी ताडली की नाव बरेचदा जुळते. कोरीव अक्षरांत नंतर कुणी ऑइलपेंट भरला असेल तर सावध राहा, इंग्रजी तीनचा आठ झालेला असतो.

ॲसिड, तारेचा ब्रश आणि खडू कृपया वापरू नका. ॲसिड संगमरवर खाते. खडू चोळला की जे कोरले आहे त्यापेक्षा आपल्याला जे वाचायचे आहे तेच ठळक होते. मऊ ब्रश, साधे पाणी आणि एक मोठा आरसा पुरे. आरशाने ऊन दगडावर अगदी तिरके पाडले की झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली येते. फोटो तेव्हाच काढावा. शेजारच्या कबरींचेही फोटो घ्यावेत, कारण त्याच घरातली तान्ही मुले पुष्कळदा तिथेच पुरलेली सापडतात. मजकूर उतरवताना दगडावरच्या चुका सुधारू नयेत, न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यावे. नोंदवहीशी एका दिवसाचा फरक पडला तर घाबरू नये: वहीत दफनाची तारीख असते, दगडावर मृत्यूची.

– जुन्या दफनभूमींच्या नोंदी ठेवणारे काही वाचक