आशाताईंसाठी छत्र्या, चपला आणि आपले दोन तास हवेत

मंडळी नमस्कार,

गणपतीच्या वर्गणीला आपण दारोदार फिरतो तसंच हे समजा, पण ह्या वेळेस मंडळासाठी नाही, इंदूरच्या बायपासकडच्या वस्त्यांमध्ये घरोघरी फिरून मुलांच्या लशी पूर्ण करणाऱ्या एएनएम सिस्टर (सरकारी आरोग्य केंद्रातल्या नर्स) आणि आशाताईंसाठी मागतोय.

तिथे बिल्डिंगांच्या कामावर झाबुआ, अलीराजपूरकडून आलेली कुटुंबं राहतात. साइट बदलली की झोपडी बदलते, मग बाळाचा दीड महिन्याचा डोज झालेला असतो, अडीचचा राहतो आणि साडेतीनचा तर कोणी विचारतच नाही, कार्ड गावी. ताई तीन तीनदा जातात तेव्हा कुठे आई भेटते. मागच्या महिन्यात मी सोबत गेले होते, एका ताईंची चप्पल गिट्टीवर तुटली, त्या तशाच अनवाणी पुढची सहा घरं करून आल्या. ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

लस फुकट आहे, त्यासाठी आपल्याला रुपयाही द्यायचा नाहीये. कमी पडतं ते शेवटच्या दोन-तीन किलोमीटरला. खांद्यावर डबा, आत आइसपॅक, लस २ ते ८ डिग्रीतच राहायला हवी आणि बाहेर इंदूरचं मे महिन्याचं ऊन! त्यात गोवर-रुबेलाची बाटली एकदा पाणी मिसळून तयार केली की ४ तासांत वापरावी लागते, उरलेली फेकायची, आणि एका बाटलीत बरेच डोज असतात, म्हणून मुलं एकाच वेळी जमली पाहिजेत. सुई आपल्याला टोचता येत नाही पण घरोघरी जाऊन आयांना बोलावून तर आणता येतं ना.

दुसरी अडचण तापाची. पेंटाच्या, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लशीच्या, डोजनंतर एखाद दिवस ताप येतो, रात्रभर बाळ रडतं, बापाची रोजी बुडते आणि पुढच्या वेळेस दार उघडत नाही. सिस्टर समजावून सांगतात, पण त्यांना पुढची घरं असतात. दुसऱ्या दिवशी आपल्यातलं कोणी जाऊन नुसतं बाळ कसंय विचारलं तरी खूप फरक पडेल.

आपल्या देशातली पोलिओची शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. दारावर खडूनं खूण करत फिरणाऱ्या ह्याच बायकांनी ते केलंय.

तर ज्यांच्याकडे टू-व्हीलर आहे त्यांनी सकाळी सिस्टर आणि डबा वस्तीत सोडायचा, संध्याकाळी परत केंद्रावर आणायचा, भिली किंवा निमाडी बोलता येत असेल तर फारच छान. छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, पेट्रोलपुरते पैसेही चालतील. रोख ताईंच्या हातात देऊ नका, त्यांना अडचण होते, मंडळाच्या ऑफिसात संध्याकाळी ६ ते ८ या, पावती मिळेल. चपला वापरलेल्या नकोत, नव्याच द्या, सगळ्यांचे नंबर आम्ही लिहून आणलेत, पाच नंबरच्या जास्त लागतील.