महूच्या रेडिओ क्लबचे दप्तर खुले करावे : केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय श्री. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली

विषय : हौशी रेडिओच्या जुन्या परवाना-दप्तराबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

१५ मे १९४८ रोजी महू येथील लष्कराच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये ‘अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया’चे उद्घाटन झाले. आजची ‘अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ ती हीच. स्वातंत्र्याला त्या दिवशी बरोबर नऊ महिने झाले होते आणि काश्मीरमध्ये लढाई चालू होती. अशा काळात मुंबई, कलकत्ता, दिल्ली सोडून इंदूरजवळच्या एका छावणीच्या गावात देशभरातील हॅम मंडळींची, म्हणजे परवाना घेऊन स्वतःच्या यंत्रांवरून एकमेकांशी बिनतारी संपर्क साधणाऱ्या हौशी रेडिओचालकांची, संघटना उभी राहिली, ही गोष्ट बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकली जाते. ती सविस्तर लिहायची, तर तिचे कागद हवेत, आणि त्यांतले महत्त्वाचे कागद सरकारी दप्तरातच असू शकतात, म्हणून हे पत्र.

या क्लबचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९२१ मध्ये कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी आपले केंद्र सुरू केले आणि ते भारतातील पहिले हौशी रेडिओचालक मानले जातात. त्यानंतरही ही हौस फारशी पसरली नाही. १९३० च्या दशकाच्या मध्यावर परवानाधारक पन्नासच्या आतच होते आणि त्यांतही भरणा इंग्रज अधिकाऱ्यांचा. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने सगळे परवाने रद्द केले आणि यंत्रे जमा करण्याचे फर्मान काढले. सरकारची भीती अगदीच अनाठायी होती असे म्हणता येणार नाही, कारण १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून जो भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, त्याच्या प्रक्षेपकामागे नरिमन प्रिंटर या परवाना गमावलेल्या हॅमचेच हात होते.

म्हणजे ज्यांच्या यंत्रांकडे सरकार संशयाने पाहत होते, त्याच हौशी मंडळींच्या क्लबला नऊ वर्षांनी लष्कराने आपल्या संदेशवहन-शाळेत जागा दिली. राज्यकर्ते बदलले होते हे एक कारण झाले, पण माझ्या मते तेवढ्याने उलगडा होत नाही. मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतलिपीत, हात बसलेली माणसे, दुरुस्तीची हत्यारे, उंच अँटेना आणि त्यासाठी लागणारी मोकळी जागा, हे सगळे एका ठिकाणी मिळेल अशी गावे तेव्हा देशात किती होती? ही शाळा, म्हणजे आजचे मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग, महूला असल्यामुळे तिथे ते सहज जुळले असावे. मात्र पुढाकार कोणाचा होता, पहिल्या सभासदांत वर्दीतले किती आणि नागरी किती, युद्धानंतर परवाने कोणत्या अटींवर पुन्हा मिळू लागले, हे प्रश्न अंदाजाने सुटणारे नाहीत.

मराठी माणसाला महू परके नाही. महिदपूरच्या पराभवानंतर १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांच्या मुलखात इंग्रजांची ही छावणी बसली, आणि तिथेच सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी १८९१ मध्ये बाबासाहेबांचा जन्म झाला. दर १४ एप्रिलला महाराष्ट्रातून हजारो लोक तिथे जातात. (आपण शिंदे आणि गाव होळकरांचे, पण माळव्यातले हे जुने हिशेब या कामाच्या आड येणार नाहीत असे धरून चालतो.)

दप्तराचा आग्रह का, हे एका क्यूएसएल कार्डावरून सांगतो. दोन केंद्रांचे बोलणे झाले की त्याची पोच म्हणून हे पोस्टकार्डाएवढे कार्ड पाठवतात. त्यावर ठळक अक्षरांत कॉल साइन (केंद्राची ओळख सांगणारी अक्षरे-आकडे), खाली तारीख, ग्रीनिच वेळ, बँड (रेडिओलहरींचा पट्टा) आणि ‘५९९’ सारखा तीन आकड्यांचा शेरा असतो : पहिला आकडा संदेश किती स्पष्ट लागला त्याचा, दुसरा त्याच्या जोराचा, तिसरा मोर्सच्या सुराचा. कोपऱ्यात पुष्कळदा हाताने लिहिलेले असते की ट्रान्समीटर घरी जुळवलेला आहे, शेवटच्या टप्प्यात ८०७ क्रमांकाचा व्हॉल्व्ह (जुन्या यंत्रांतली काचेची इलेक्ट्रॉनिक नळी) आहे, अँटेना म्हणजे साधी ताणलेली तार आहे. युद्धातून भंगारात निघालेल्या सुट्या भागांवर त्या पिढीने काय उभे केले, त्याचा इतका नेमका पुरावा दुसरा नाही. पण कार्डावरची कॉल साइन कोणाची, हे परवान्याच्या नोंदवहीशिवाय कळत नाही. जुना हॅम गेला की त्याच्या माघारी घरच्यांना कार्डांच्या खोक्यांचे मोल कळत नाही आणि ती रद्दीत जातात. जी कार्डे वाचली आहेत, तीही नोंदवहीअभावी मुकीच राहतात.

म्हणून विनंती अशी की, दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडे किंवा तिच्या पूर्वसुरींकडे १९६० पर्यंतच्या हौशी परवान्यांच्या ज्या नोंदवह्या आणि जो पत्रव्यवहार असेल, त्याची प्रथम यादी करून ती प्रसिद्ध करावी. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ अन्वये जुने, गोपनीय नसलेले दप्तर राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवून अभ्यासकांना खुले करण्याची व्यवस्था आहेच. त्यासाठी नवा कायदा किंवा मोठी तरतूद लागत नाही. एखाद्या नोंदीत हयात व्यक्तीचा पत्ता असेल तर तो झाकावा, त्याला कोणाची हरकत नसेल. महूच्या शाळेतील उद्घाटनासंबंधीचे कागद संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, त्यासाठी आपण त्या मंत्रालयाला एक पत्र लिहावे. टपाल खातेही आपल्याकडेच आहे. ही सारी कार्डे एके काळी त्याच खात्याच्या थैल्यांतून जगभर फिरली, तेव्हा त्यांच्या एखाद्या प्रदर्शनासाठी डाकघराची जागा मिळाली तर फार मागितले असे होणार नाही.

यादीचे काम सुरू करण्याचा आदेश निघाल्यास जुन्या कॉल साइन ओळखून देणे, संकेताक्षरे उलगडून सांगणे, कार्डांच्या प्रती जुळवणे ही कामे आम्ही परवानाधारक विनामोबदला करू.

कळावे,

आपला नम्र,
एक हौशी रेडिओचालक, पुणे