पेशी गवंडी की मुकादम?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतला स्टेम सेल (इतर पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी) नॅनोफायबरच्या, म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंच्या, जाळीवर रुजवून रक्तवाहिनी घडवण्यावरचा लेख वाचला. या रुजवलेल्या पेशीच नवी भिंत बांधतात, असं त्यात म्हटलंय. मी निवृत्त डायलिसिस टेक्निशियन. त्याच सकाळी एका जुन्या पेशंटच्या मुलाचा फोन आला, "काका, हे आपल्याकडे कुठे करतात?" वडिलांचा फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) दोनदा बंद पडलाय, हाताला आता धड शीर उरलेली नाही. लेखात नसलेलं त्याला सांगावं लागलं, तेच इथे लिहितो.

जाळीचं वर्णन छान जमलंय. पॉलिमरचं द्रावण हजारो व्होल्ट देऊन सुईतून ओढायचं, जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखे तंतू फिरत्या दांडीवर गुंडाळायचे. पण हा खटाटोप कशासाठी? डेक्रॉन या कृत्रिम धाग्याची नळी महाधमनीत वर्षानुवर्षं चालते. व्यास 6 मिलिमीटरच्या खाली गेला, की गुठळी धरते. घोडं तिथेच अडलंय.

रुजवलेल्या पेशीच नवी भिंत बांधतात, हेही तितकंसं खरं नाही. टोकियोत 1999 साली चार वर्षांच्या मुलीला विरघळणाऱ्या जाळीवर तिच्याच पेशी वाढवून फुप्फुसाची धमनी बसवली. पुढे त्याच डॉक्टरांच्या गटाने उंदरांत पाहिलं, तर रुजवलेल्या पेशी काही दिवसांतच गायब! जाण्यापूर्वी त्या शरीराच्या पेशींना हाक मारतात, बांधकाम शरीराच्याच पेशी करतात. म्हणजे गवंडी नव्हे, मुकादम.

अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये मान्यता मिळालेल्या नळीतून तर पेशी धुऊनच काढलेल्या असतात. आणि मान्यता कशासाठी? हातापायांच्या जखमी धमन्यांसाठी, तीही रुग्णाची स्वतःची शीर वापरता येत नसेल तर. डायलिसिससाठी नव्हे.

स्टॉकहोममध्ये 2011 साली कृत्रिम श्वासनलिकेवर स्टेम सेल रुजवून बसवल्या, तेव्हाही जगभर अशाच बातम्या झळकल्या होत्या. रुग्ण दगावले. सर्जन माकियारिनी यांना 2023 मध्ये अपील न्यायालयाने अडीच वर्षांची शिक्षा दिली.

अशा बातमीत प्रयोग उंदरावर की माणसावर, किती जणांवर, एवढं तरी छापा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर मान्य चाचणीतच करता येतो, ही ओळही चौकटीत द्या. त्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर एका क्लिनिकचं 'पॅकेज' आधीच येऊन पडलं होतं.

आपला,
एक वाचक, नाशिक