आवाहन : शाळेत दांड्या सुरू होतात, तेव्हाच

सप्रेम नमस्कार,

रस्त्यावर राहणारं मूल तिथे एका रात्रीत पोचत नाही. आधी शाळेत आठवड्यातून दोन दिवस दांडी पडते, मग चार. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं, कर्ज डोक्यावर असतं, नाहीतर रोज रात्री मारहाण होत असते. मूल अर्धा दिवस कुठे कुठे कामाला जाऊ लागतं, एखादी रात्र बाहेरच काढतं. अशाच वेळी कुणी 'मोठा' भेटतो. तो जेवू घालतो, झोपायला जागा देतो आणि चार दिवसांनी वसुलीला लागतो. भीक मागायला लावणं, चोरीसाठी पुढे करणं, लैंगिक शोषण, या सगळ्याची सुरुवात पुष्कळदा अशा मायेनेच होते.

आमच्या संस्थेचं काम त्या मोठ्याच्या आधी पोचायचं. दांड्या वाढल्या की आमची कार्यकर्ती घरी जाते. पहिल्या भेटीत "बरं नव्हतं" एवढंच ऐकायला मिळतं. खरं कारण कळायला पाच-सहा खेपा घालाव्या लागतात.

आता स्पष्टच बोलतो. लोक आम्हाला जुने कपडे, खेळणी, वह्या देतात, तेही अगदी मनापासून. पण कपाटं भरली आहेत. तुटवडा आहे तो या खेपा घालणाऱ्या माणसांच्या पगाराचा. हा खर्च फोटोत दिसत नाही, म्हणून त्याला देणगीदारही मिळत नाहीत.

"मुलांना सरळ बालगृहात का ठेवत नाही?" असंही विचारलं जातं. जगभरातल्या बालगृहांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. केवळ गरिबीपायी मुलाला आईवडिलांपासून तोडू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या 2009 सालच्या मार्गदर्शक तत्त्वांतही म्हटलं आहे. घरातच शोषण होत असेल तर मात्र मुलाला बाहेर काढावंच लागतं, आणि तेही कायद्याच्या मार्गानेच.

हे काम संपणारं नाही, असं वाटणाऱ्यांसाठी एक आकडा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार 2000 साली जगात 24 कोटींहून अधिक मुलं बालमजुरीत होती. 2024 मध्ये ती सुमारे 13 कोटी 80 लाखांवर आली. फार आहेत, पण निम्म्याच्या जवळ आली आहेत.

तेव्हा विनंती अशी, की दरमहा ठरावीक रक्कम द्या, कितीही लहान चालेल. पगार दरमहा द्यावा लागतो, म्हणून एकदाच दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा हा आधार जास्त उपयोगी पडतो. वकील आणि डॉक्टरांनी महिन्याचे दोन तास दिले तरी पुष्कळ झालं. संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला शिकवणारे हवेत, पण किमान वर्षभरासाठी. पंधरा दिवसांसाठी कृपया येऊ नका, सोडून जाणारी माणसं या मुलांनी आधीच खूप पाहिली आहेत. देणगीची पावती आणि वर्षाचा हिशेब घरपोच मिळेल. मुलांचे फोटो आणि नावं मात्र मागू नका.

आणि रस्त्यात एकटं, बावरलेलं मूल दिसलं तर त्याच्याजवळ थांबा, बालकांच्या हेल्पलाइनला किंवा आम्हाला कळवा. त्याचा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. ते ज्याच्यापासून पळून आलंय, तोही ते पाहत असतो.

आपले,
कार्यकारी मंडळ