त्या खडकापर्यंतच

ती. आई आणि बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी मध्येच तोडलं असतं आणि आई गप्प झाली असती, म्हणून लिहितेय. पॉइंटवर जायचं ठरलंय तसंच ठरलेलं आहे. फक्त तुम्ही दोघांनी टोकापर्यंत यायचं नाही. निम्म्या वाटेवर एक सपाट खडक आहे, तिथपर्यंतच. हे मी नक्की केलंय.

रागावू नका. काल एकटी जाऊन वाट बघून आले. अंतर जेमतेम सव्वा किलोमीटर. बाबा म्हणणार, एवढं तर मी रोज चालतो. पण चढ 240 मीटरचा आहे. मजला तीन मीटरचा धरा, ऐंशी मजले झाले! नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 सालचा हिशोब आहे, तो बाबांना आवडेल: सपाटीला तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे आपली वाट चाळीस मिनिटांची. पण तो हिशोब धडधाकट माणसाचा, न थांबता चालणाऱ्याचा. मला तास लागला.

आणि चढणं एक वेळ जमेल, मला धास्ती उतरायची आहे. उतारावर प्रत्येक पावलाला सगळा भार गुडघ्यावर येतो, आणि तोवर मांड्या दमलेल्या असतात. शेवटच्या टप्प्यात ओल्या पानांखाली झाडांची मुळं आहेत, पायांनी घासून साल गेलेली, साबणासारखी. तिथे मी बसून उतरले. आईचं मनगट आठवलं. पुढे लिहीत नाही.

बाबा, लहानपणी परतताना मी तुमच्या पाठीवर झोपून जायचे ना, ती झोप खोटी असायची. कान तुमच्या पाठीला लावला की श्वास ऐकू यायचा, संथ, मोठा. परवा जिना चढून तुम्ही फोन घेतलात, तेव्हाचा श्वास तसा नव्हता. तेव्हाच माझं ठरलं. तुम्ही काही म्हातारे झालात असं मी म्हणत नाहीये.

आता ऐका. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून यायचं, दोघांनीही. नवे बूट आजपासून घरात घालून फिरा. पायाची नखं कापा, उतरताना बोटं पुढे आपटतात. बाबा, काठी घ्यायचीच; चढताना आखूड, उतरताना लांब करायची, मी दाखवेन. आई, वाटेत लघवीला लागेल म्हणून बीपीची गोळी टाळायची नाही आणि पाणीही कमी प्यायचं नाही. चालताना एक वाक्य सलग बोलता आलं नाही तर थांबायचं. छातीत जड वाटलं किंवा गरगरलं तर तिथल्या तिथे सांगायचं. "काही नाही, होईल बरं" हे मला ऐकायचं नाही. सकाळी लवकर निघू; झाडीत अंधार बाहेरच्या आधी होतो, संध्याकाळ नकोच.

मीही वर जाणार नाही. मी बघून आलेय आणि तुम्हाला खाली बसवून मला तिथे करमणार नाही. खडकावर सावली आहे. समोरची दोन झाडं विरळ आहेत, त्यांच्यामधून दरी चांगली खोलपर्यंत दिसते. मागच्या बाजूला दगड जरा कलता आहे. आईची पाठ टेकेल का, ते मी दहा मिनिटं तिथे बसून बघितलं. टेकते.

तुमची,
लेक