काळजीचा फेरफार

पुणे, रविवार

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हे नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. फोनवर बाबा पावसाचे आणि तुरीचे दोन वाक्यांत सांगतात आणि ‘घे, आईसंग बोल’ म्हणून सुटका करून घेतात. मग आई बोलू लागली की ते जवळच खाटेवर बसून सगळे ऐकतात, हे मला त्यांच्या खोकल्यावरून कळते. हे पत्र मात्र आईला मोठ्याने वाचावे लागेल, कारण बाबांनी चश्मा अजून बदललेला नाही.

आईने सांगितले की माझ्या विनोदी कार्यक्रमाची ती चार मिनिटांची क्लिप पोरांनी पानठेल्यावर मोठ्या आवाजात लावली, तेव्हा बाबा तिथेच उभे होते, आणि त्या दिवसापासून ते संध्याकाळी ठेल्याकडे न जाता मागच्या वाटेने वावरात जातात. मला ते एवढेच म्हणाले होते, ‘बाई, आपल्या घरातलं चार लोकायले कायले सांगतं?’ मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलून विषय बदलला. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर मला आधी एका परक्या माणसाविषयी सांगावे लागेल, कारण हे काम मी त्याच्याकडे बघत शिकले.

त्याचे नाव रिचर्ड लुईस. २९ जून १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात त्याचा जन्म झाला आणि शेजारच्या न्यू जर्सी राज्यात तो वाढला. वडिलांचा केटरिंगचा धंदा होता, म्हणजे दुसऱ्यांच्या कार्यात पंगती उठवण्याचा, आणि तो धंदा असा काही जोरात चालायचा की मुलाच्या कार्याच्या वेळी (त्यांच्या ज्यू धर्मात तेराव्या वर्षी आपल्या मुंजीसारखा एक विधी असतो) त्या शनिवार-रविवारी वडिलांकडे दुसऱ्याच कुणाचे जेवण ठरलेले होते आणि याची पंगत मंगळवारी बसली, असे तो पुढे सांगत असे. पदवी घेतल्यावर त्याने दिवसा जाहिरातींचा मजकूर लिहिण्याची नोकरी धरली आणि १९७१ मध्ये रात्री न्यूयॉर्कच्या छोट्या क्लबांत एकटा माईकसमोर उभा राहून लोकांना हसवू लागला. त्याच सुमारास वडील वारले. ज्या घराविषयी तो जन्मभर बोलला, त्या घरच्या कर्त्या माणसाला मुलाचे नाव झालेले पाहता आले नाही.

तो बोलायचा ते स्वतःच्या भीतीविषयी. काळे कपडे, वाकलेले खांदे, एक हात केसांत, दुसरा हवेत, आणि एका जागी म्हणून उभे राहायचे नाही. आजाराची भीती, प्रेमाची भीती, आईला काय वाटेल याची भीती, आणि सगळे सुरळीत चालले असेल तर ते का चालले आहे याची भीती. त्याच्या कार्यक्रमांची नावे मराठीत सांगायची तर १९८५ मध्ये ‘मला वेदना होत आहेत’, १९८८ मध्ये ‘मी थकलो आहे’ आणि १९९० मध्ये ‘माझे काही खरे नाही’. अशी नावे लावली तर आपल्या विदर्भातल्या झाडीपट्टीतला नाटकवाला पहिल्याच रात्री मंडप गुंडाळेल. तिकडे मात्र लोक तिकीट काढून येत, कारण जे त्यांनी स्वतःच्या बायकोलाही सांगितलेले नसे, ते हा माणूस दिव्याखाली उभा राहून सांगत असे.

बाबा, तुम्ही म्हणाल की तोंडाला येईल ते बोलायला काय लागते. डिसेंबर १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम झाला. गायक-वादकांनी आयुष्यभर ज्याची आस धरावी असे ते सभागृह आहे. तिथे तो पिवळ्या वहीची पाने एकाला एक चिकटवून केलेली सहा फूट लांबीची पट्टी घेऊन गेला, आणि त्या पट्टीवर लिहिलेला मजकूर त्याने अडीच तास सांगितला. लोक दोनदा उभे राहिले. बघणाऱ्याला वाटावे की याचे मन आताच फुटले आणि सांडले, पण ते सांडणेसुद्धा आधी लिहून, खोडून, पुन्हा लिहून ठेवलेले होते. माझ्याही खोलीत पलंगाखाली अशा वह्या आहेत. ज्या चार मिनिटांना पानठेला हसला, त्यांना मला सात महिने लागले.

त्याचे पुढचे आयुष्य सरळ नव्हते. दारू होती. एवढे सगळे सांगणाऱ्या माणसाला ती गोष्ट नीट सांगायला मंच पुरला नाही. १९९४ मध्ये त्याने दारू सोडली आणि २००० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याच वर्षी लॅरी डेव्हिड या त्याच्या मित्राची एक दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, तिच्यात तो स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच रडगाण्यासह काम करू लागला. या दोघांचा जन्म एकाच इस्पितळात तीन दिवसांच्या अंतराने झालेला, पोरवयात उन्हाळी शिबिरात गाठ पडली तेव्हा दोघांना एकमेकांचे तोंड बघवत नसे, आणि म्हातारपणी मात्र एकमेकांवाचून करमेना. एप्रिल २०२३ मध्ये त्याने जाहीर केले की आपल्याला कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा, आजार आहे आणि मंचावर उभे राहणे आता संपले. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला, तेव्हा त्या मालिकेचे शेवटचे भाग दाखवले जात होते आणि त्यांत तो दिसत होता. शहात्तर वर्षांचा होता. ज्या आजारांच्या भीतीवर त्याने पोट भरले, त्यांतला एक शेवटी खरोखरच आला, आणि तोही त्याने लोकांना स्वतःच सांगितला.

आता माझे. त्या क्लिपमध्ये मी म्हणते की आमच्या बाबांना रात्री बाराची लाइट असली की ते मोटारीचा स्टार्टर बघायला तीनदा उठतात, फाटकाचे कुलूप चारदा ओढून बघतात, आणि परतताना आम्ही भावंडे श्वास घेतो की नाही ते वाकून बघतात. मग म्हणते की जमिनीच्या हक्कसोडीवर मी सही केली, पाच एकर वावर दादाच्या नावे झाले, पण काळजीचा फेरफार तलाठ्याला काही करता आला नाही, ती सगळी माझ्याच सातबाऱ्यावर चढली. इथे लोक हसतात. त्यानंतर मी सांगते की मी चौथ्या मजल्यावर राहते आणि गॅसचे बटण बंद आहे ना हे बघायला सकाळी दोनदा जिने चढून परत येते, एकदा तर बटणाचा फोटो काढून कचेरीत नेला आणि दिवसभर तो फोटो कालचा तर नाही ना म्हणून घाबरत बसले.

यातला फोटो खरा आहे. दोन वर्षांपासून मी एका डॉक्टरांकडे जाते आणि चिंतेच्या आजारावर रोज रात्री एक गोळी घेते. हे तुम्हाला सांगण्याआधी मी दोनशे अनोळखी माणसांना सांगितले, आणि याची मला खरोखर लाज वाटते. झोप लागते, जेवण जाते, नोकरी नीट चालू आहे. आई, गोळीने काही होत नाही, तू उपास धरू नकोस.

घरातले बाहेर सांगू नये, हे मला पटते आणि पटतही नाही. बाबा, तुम्ही पहाटे काकड्याला जे अभंग म्हणता, त्यांत तुकोबा स्वतःचे अवगुण गावभर मोजून दाखवतात, घरातली कुरकुरसुद्धा सोडत नाहीत, आणि टाळकरी मान डोलावतात. तेही राहू द्या, ते संत होते. पोळ्याच्या झडत्यांचे काय? बैल तोरणाखाली उभे राहिले की गावात तुमच्याइतक्या खणखणीत आवाजात झडती म्हणणारा दुसरा नाही. इतरांच्या झडत्या व्यापाऱ्यावर, सरकारवर, नाहीतर समोरच्या पाटलाच्या मिशीवर असतात. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने पराटी खाल्ली, त्याच्या पुढच्या पोळ्याला तुम्ही जी म्हटली ती मला तोंडपाठ आहे:

‘कापूस पिकला वावरात, भाव ठरला शहरात, अन् मी मोजतो चिल्लर अंधारात, एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!’

पहिल्या दोन ओळींना लोक सवयीने हसले. तिसऱ्या ओळीला आधी सगळे गप्प झाले आणि मग असे हसले की बैल बुजले, दादाला कासरा दोन्ही हातांनी धरावा लागला. त्या ओळीत व्यापारी नव्हता, सरकार नव्हते, तुम्ही होता. रिचर्ड लुईस हे नाव मी त्यानंतर तीन वर्षांनी ऐकले.

पण तुम्ही तेव्हा स्वतःची चिल्लर सांगितली होती, दुसऱ्याची नाही. मी इथेच चुकले. स्टार्टर आणि कुलूप यांबद्दल मी माफी मागणार नाही, कारण ते मला वारशात मिळाले आहेत आणि त्यांच्यावर माझाही हक्क आहे. क्लिपच्या शेवटी मात्र मी सांगितले की त्या बोंडअळीच्या हिवाळ्यात आईने फवारणीच्या औषधाचा डबा लुगड्याखाली झाकून मोठ्या आईच्या घरी नेऊन ठेवला आणि तुम्ही विचारल्यावर ‘संपलं’ म्हणाली. ती गोष्ट माझी नव्हती. ती आईची होती, आणि आईपेक्षा बाबांची होती. त्या रात्री मी अंथरुणात जागी होते, म्हणून मला ती ठाऊक, एवढाच माझा तिच्यावर हक्क. लोक तिथे हसले नाहीत, टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या मी घेतल्या. घरी परतताना मला त्यांचे काय करावे ते कळले नाही, पण तरी तेवढा भाग क्लिपमध्ये राहू दिला.

ती क्लिप मी परवा काढून टाकली आहे. पोरांच्या मोबाइलमध्ये उतरवलेली असेल तिचे काही करता येणार नाही. तो डबा मी पुन्हा कोणत्याही मंचावर काढणार नाही. बाबांना कधी स्वतःहून सांगावासा वाटला तर त्यांनी सांगावा, त्यांच्या आवाजात, त्यांच्या पोळ्याला. आणि नाही वाटला तर तो मोठ्या आईच्या माळ्यावर आहे तिथे राहू द्यावा.

पोळ्याला मी येते आहे. दोन दिवसांची सुटी मंजूर झाली आहे, रात्रीच्या गाडीने यवतमाळ आणि तिथून सकाळच्या एसटीने गाव. नवा चश्मा करायला बाबांनी माझ्यासोबत यवतमाळला यायचे आहे, हे आईने आताच वाचून दाखवावे आणि त्यांच्या तोंडाकडे बघावे. रात्री फाटकाचे कुलूप बाबांनी दोनदा ओढावे, उरलेले दोनदा मी ओढीन.

आपली आज्ञाधारक (बव्हंशी),
धाकटी